इंटरफेरॉन : एका औषधाची कुळकथा



इ. स. २००७ च्या पावसाळ्यांतील गोष्ट सांगतों. माझ्या धाकट्या भावास दर शनिवारीं सायंकाळीं एक इंजेक्शन टोंचून घ्यावें लागे, आणि त्याच रात्रीं त्यास हुडहुडी भरून ताप येई. अंग ठणके, डोकें दुखे, तोंडाची चव जाई. रविवार अंथरुणांत काढून सोमवारीं तो पुन्हां कामावर जाई. त्याच्या यकृतांत हिपॅटायटिस सी या रोगाचे विषाणु होते. पंधरा वर्षांपूर्वीं एका अपघातानंतर त्यास रक्त द्यावें लागलें होतें. त्यांतूनच ते आले असावेत. त्या काळीं आपल्याकडे रक्ताची ही तपासणी सक्तीची नव्हती, तेव्हां दोष तरी कोणास द्यावा? मौज अशी कीं, इतक्या वर्षांत या रोगानें त्याला एक दिवसही आडवें पाडलें नव्हतें. दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या रक्ततपासणींत तो सहज उघडकीस आला. एका रविवारीं मी त्याच्या उशाशीं बसलों असतां तो मला म्हणाला, "दादा, रोगानें मला कधीं झोंपविलें नाहीं, हें औषध मात्र दर आठवड्यास झोंपवितें. एवढे पैसे घेऊन भेसळीचा माल तर देत नाहींत ना?"

पैशांविषयींचें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. एका सुईची किंमत आणि माझा मास्तरकीचा महिन्याचा पगार यांत फारसें अंतर नव्हतें, आणि अशा सुया चोवीस घ्यावयाच्या होत्या. भेसळीचा प्रश्न मीं डॉक्टरसाहेबांस भीत भीत विचारला. ते हंसले आणि म्हणाले, "मास्तर, औषध अगदीं शुद्ध आहे. हा ताप भेसळीचा नव्हे, औषधाचाच आहे. तुमच्या भावाला आलेली शंका एके काळीं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आली होती."

तें औषध म्हणजे इंटरफेरॉन. मी वैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिकच्या पुढें माझी मजल गेली नाहीं. परंतु चौतीस वर्षें मुलांना इतिहास शिकविल्यामुळें कोणतीही वस्तु समोर आली कीं तिचें कूळ-मूळ विचारण्याची खोड मला जडली आहे. ती खोड भागवितांना जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

एका विषाणूची बाधा झालेल्या प्राण्यास दुसऱ्या विषाणूची बाधा सहसा होत नाहीं, असा अनुभव शास्त्रज्ञांना १९३० नंतरच्या दशकांत येऊं लागला होता. १९३७ सालीं फिंडले व मॅककॅलम या दोघांनीं दाखविलें कीं, रिफ्ट व्हॅली ज्वराच्या विषाणूची बाधा झालेलीं माकडें पीतज्वराच्या विषाणूपासून बचावतात. आतां हे दोन रोग कांहीं एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. देवीची लस टोंचली असतां देवीपासून रक्षण होतें, हें आपणांस समजतें. तेथें शरीर शत्रूची ओळख पटवून ठेवतें आणि पुन्हां तोच चेहरा दिसला कीं त्यास अडवितें. त्या तयारीस दिवसानुदिवस लागतात. येथें मात्र ओळख एकाची आणि मज्जाव भलत्याचाच, आणि तोही जवळजवळ तत्काळ! या चमत्कारास त्यांनीं 'अडथळा' अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलें आणि त्याची उपपत्ति लावूं लागले. धर्मशाळेंतील खोली पहिल्या उतारूनें अडविली म्हणजे दुसऱ्यास पडवींत राहावें लागतें, त्याप्रमाणें पहिला विषाणु पेशीचें दार अडवून बसत असावा, असें पुष्कळांस वाटे. उपपत्ति सोपी होती, आणि सोपी होती म्हणूनच वीस वर्षें टिकली.

अलिक आयझॅक्स हे मूळचे ग्लासगोचे डॉक्टर. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें मॅकफार्लेन बर्नेट यांच्या हाताखालीं त्यांनीं याच विषयाचा अभ्यास केला होता. पुढें लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेंत ते इन्फ्लुएंझाच्या विषाणूंचें काम पाहूं लागले. १९५६ च्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडहून ज्याँ लिंडेनमन नांवाचे एक तरुण संशोधक वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर तेथें आले. चहाच्या वेळीं दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, आणि दोघांच्या मनांत एकच कोडें घोळत असल्याचें त्यांस कळून आलें. सप्टेंबरमध्यें प्रयोगास आरंभ झाला.

प्रयोग इतका साधा कीं तो मीं सातवीच्या वर्गांत अनेकदां सांगितला आहे. कोंबडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या पिलाभोंवतीं एक पातळ पडदा असतो. तो काढून त्याचे तुकडे त्यांनीं कांचेच्या नळ्यांत क्षारयुक्त पाण्यांत ठेवले. उष्णता देऊन निःसत्त्व केलेले इन्फ्लुएंझाचे विषाणु त्या तुकड्यांवर सोडले. नंतर तुकडे धुऊन काढले, नव्या पाण्यांत घातले आणि कांहीं काळ उबेंत ठेवले. मग तुकडे बाजूस सारून पाणी तेवढें राखलें. त्या पाण्यांत अगदीं नवे, ज्यांस कधींही विषाणूचा स्पर्श झालेला नाहीं असे तुकडे बुडविले, आणि शेवटीं त्यांवर जिवंत विषाणु सोडले. विषाणु वाढेनात.

धर्मशाळेची उपपत्ति येथें कोसळली. नव्या तुकड्यांत पहिला उतारू उतरलाच नव्हता; आलें होतें तें केवळ जुन्या खोलीजवळचें पाणी. तेव्हां बाधा झालेल्या पेशींनींच त्या पाण्यांत कांहींतरी सोडलें असलें पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. एका घरास आग लागावी आणि त्या घरानें जळतां जळतां शेजाऱ्यांस हांक मारावी, तसा हा प्रकार होता. हांक ऐकून शेजारची पेशी आपलीं दारें लावून घेते. विषाणु आंत शिरला तरी त्याच्या प्रती निघूं नयेत अशी व्यवस्था करते. तें द्रव्य विषाणूस स्वतः मारीत नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तें फक्त इशारा देतें. हा इशारा रक्तांतील पांढऱ्या पेशींसही पोंचतो आणि त्यांतील कांहीं अधिक आक्रमक होतात, हें पुढें कळलें. तें द्रव्य एक प्रथिन आहे, हेंही लवकरच सिद्ध झालें. आयझॅक्स यांच्या वहींत ६ नोव्हेंबर १९५६ या दिवशीं 'इंटरफेरॉनच्या शोधांत' अशा अर्थाचा मथळा आढळतो. नांवाची हकीकत लिंडेनमन सांगत असत कीं, पदार्थविज्ञानवाल्यांपाशीं इलेक्ट्रॉन आहे, न्यूट्रॉन आहे, तर जीवशास्त्रवाल्यांपाशींही असा एखादा 'ऑन' असावयास नको काय, अशा थट्टेंतून तें निघालें. १९५७ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले.

येथें एका अन्यायाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९५४ सालींच जपानांत यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनीं सशांवर प्रयोग करून विषाणूस रोखणारा असाच एक घटक असल्याचें नोंदविलें होतें. त्यांचा निबंध फ्रेंच भाषेंतील नियतकालिकांत छापला गेला, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगानें तो फारसा वाचलाच नाहीं. आज अभ्यासक त्यांचें नांव आदरानें घेतात. परंतु बारसें दुसऱ्यांनीं केलें, आणि मूल त्यांचेंच ठरलें.

मिल हिलच्या शोधाचेंही स्वागत झालें असें नव्हे. अमेरिकेंतील कांहीं विद्वान् थट्टेनें त्यास 'मिसइंटरप्रेटॉन' म्हणत. म्हणजे चुकीच्या अर्थबोधांतून जन्मलेला कण. शास्त्रज्ञ अशी टर उडवीत असतां १९६० सालीं अमेरिकन वृत्तपत्रांतील फ्लॅश गॉर्डनच्या चित्रकथेंत मात्र अंतराळवीरांचे प्राण इंटरफेरॉननें वांचविले! विद्वानांनीं न मानलेली वस्तु चित्रकथावाल्यानें मान्य केली, याचें मला अजून हंसूं येतें.

टीकेस कारणही होतें. हें द्रव्य इतक्या सूक्ष्म प्रमाणांत तयार होई कीं, तें हातांत धरून दाखविणें अशक्य होतें. शिवाय कोंबडीचें इंटरफेरॉन माणसाच्या कामास जवळजवळ येत नाहीं. माणसास माणसाचेंच लागतें, किंवा निदान माकडासारख्या जवळच्या नातलगाचें. पेनिसिलिनची बुरशी हंड्यांत वाढवितां येते. माणसाच्या पेशी कोणत्या हंड्यांत वाढवावयाच्या? आयझॅक्स यांस या औषधाविषयीं फार मोठी आशा होती. प्रकृतीनें मात्र त्यांस साथ दिली नाहीं. मधून मधून त्यांस खोल विषण्णतेचे झटके येत. १९६४ सालीं मेंदूंत रक्तस्राव झाला. आणि १९६७ च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं ते वारले. त्या दिवसापर्यंत इंटरफेरॉन शुद्ध स्वरूपांत कोणींही पाहिलें नव्हतें.

या कथेंतील मला सर्वांत प्रिय असलेला गृहस्थ आतां येतो. त्याचें नांव कारी कॅन्टेल, देश फिनलंड. हेलसिंकी येथें तेथील रेडक्रॉसच्या रक्तपेढींत गांवोगांवच्या लोकांनीं दिलेलें रक्त येई. त्यांतील तांबड्या पेशी व रक्तद्रव रोग्यांच्या उपयोगीं पडत. मधला पांढऱ्या पेशींचा पातळ थर टाकून दिला जाई. कॅन्टेल यांनीं तो टाकाऊ थर मागून घेतला. त्या पेशींना सेंडाई नांवाच्या विषाणूची बाधा करावयाची (सेंडाई हें जपानांतील एका शहराचें नांव), त्या घाबरून जें इंटरफेरॉन सोडतील तें गोळा करावयाचें, आणि यथाशक्ति स्वच्छ करावयाचें, असा त्यांचा उद्योग. १९६३ च्या सुमारास तो सुरू झाला आणि १९७० नंतरच्या दशकांत जगांतील माणसाच्या इंटरफेरॉनचा बहुतेक सारा पुरवठा या एका छोट्या देशांतील लोकांच्या रक्तांतून होत असे. हजारों लिटर रक्त हाताळावें तेव्हां मिलिग्रॅममध्यें मोजावें इतकें प्रथिन मिळे. आणि जें मिळे तेंही शुद्ध नव्हतें. शंभर भागांत इंटरफेरॉनचा एक भागही नसे, बाकी सारीं इतर प्रथिनें.

स्टॉकहोम येथें हान्स स्ट्रँडर या डॉक्टरांनीं १९७१ च्या सुमारापासून हाडांच्या कर्करोगानें पीडलेल्या तरुण रोग्यांना कॅन्टेल यांचें हें औषध देण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं पॅरिस येथें आयन ग्रेसर यांनीं उंदरांतील कर्करोगावर इंटरफेरॉनचा परिणाम होतो असें दाखविलें होतें. स्ट्रँडर यांचे रोगी पूर्वींच्या रोग्यांच्या मानानें अधिक काळ जगत आहेत असें दिसूं लागलें. पण तुलना पूर्वींच्या रोग्यांशीं होती; त्याच वेळचे, तसेच उपचार झालेले आणि केवळ हें औषध न मिळालेले असे रोगी समोर नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही अडचण चटकन् समजते. काळ बदलतो तेव्हां एकच गोष्ट बदलत नसते.

सुया टोंचून घेणाऱ्या या रोग्यांस एक अनुभव सारखा येई. थंडी वाजून ताप येई, अंग मोडून येई, गळून गेल्यासारखें वाटे. त्याचा अर्थ सर्वांनीं एकच लावला. औषध अशुद्ध आहे, शंभरांत नव्व्याण्णव भाग भलतीं प्रथिनें आहेत, ताप त्यांचाच. शुद्ध इंटरफेरॉन मिळालें कीं हा उपद्रव जाईल. माझ्या भावानें ठाण्यांतल्या दोन खोल्यांत जो तर्क केला, तोच तर्क तीस वर्षांपूर्वीं जगांतील उत्तमोत्तम प्रयोगशाळांत चालला होता, आणि तो तर्कदुष्ट होता असेंही म्हणतां येत नाहीं.

दरम्यान आशेचा पूर आला होता. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेंतील मॅथिल्ड क्रिम या विदुषींनीं इंटरफेरॉनच्या प्रसारासाठीं जिवाचें रान केलें. १९७८ सालीं अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें केवळ हें औषध विकत घेऊन रोग्यांवर तपासून पाहण्यासाठीं २० लक्ष डॉलर बाजूस काढले. ३१ मार्च १९८० च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इंटरफेरॉन झळकलें. ज्या घरांत कर्करोगाचा रोगी आहे त्या घरांत असें मुखपृष्ठ कसें वाचलें गेलें असेल, याची कल्पना श्रोत्यांपैकीं अनेकांना करतां येईल. औषध तर मूठभर लोकांपुरतेंही नव्हतें.

औषध मुबलक झालें तें एका वेगळ्याच विद्येमुळें. प्रत्येक प्रथिन कसें बांधावें याची आज्ञा पेशीच्या गाभ्यांत लिहिलेली असते. ती आज्ञा माणसाच्या पेशींतून काढून एखाद्या जंतूच्या शरीरांत घातली, तर जंतु निमूटपणें तें प्रथिन बनवूं लागतो. कारकुनास मजकुराचा अर्थ कळला पाहिजे असें थोडेंच आहे? त्यानें नक्कल करावयाची. १९७९ सालीं जपानांत ताडात्सुगु तानिगुची यांनीं इंटरफेरॉनच्या बीटा नामक प्रकाराची आज्ञा वेगळी काढली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झ्यूरिक येथें चार्ल्स वाइसमन यांच्या प्रयोगशाळेंत अल्फा प्रकाराची आज्ञा आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूमध्यें घालण्यांत यश आलें. १९८० च्या जानेवारींत ही बातमी जाहीर होतांच शेअर बाजारांत संबंधित कंपनीचे भाव उसळले. सेंडाईची बाधा, रक्तपेढीचा थर, कॅन्टेल यांची सारी खटपट एका फटक्यांत मागें पडली. जंतूंच्या हंड्यांतून शुद्ध इंटरफेरॉन पाहिजे तितकें निघूं लागलें.

१९८१ पासून हें शुद्ध औषध अमेरिकेंत रोग्यांना देऊन पाहण्यांत येऊं लागलें. ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला, आणि रोग्यांस ताप आला! तीच हुडहुडी, तेंच अंग मोडून येणें, तीच ग्लानि. नव्व्याण्णव भाग भलतीं प्रथिनें आतां नव्हतीं; दोष टाकावा असें कोणी उरलें नव्हतें. १९८४ सालीं डिनारेलो यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं शुद्ध इंटरफेरॉन स्वतःच ताप आणणारें द्रव्य आहे.

मला हा या कथेंतील सर्वांत मोठा क्षण वाटतो. औषधाचा शोध निराळा, आणि हा शोध निराळा. इन्फ्लुएंझा झाला म्हणजे आपणांस ताप येतो, हाडें दुखतात, अन्न नकोसें होतें. हें सारें विषाणु करतो असें आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलों. येथें विषाणूचा लवलेशही नाहीं, एक निर्मळ प्रथिन तेवढें शरीरांत गेलें आहे, तरी माणूस इन्फ्लुएंझा झाल्यासारखा पांघरुणांत कुडकुडतो आहे. म्हणजे दुखणें म्हणून ज्याला आपण नांव ठेवतों, त्याचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या त्या हांकेचा परिणाम आहे. शत्रु आला नसतां कोणी चौघडा वाजविला, तरी सारें गांव जागें होणारच. माझ्या आजीस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. तरी साध्या तापास लगेच औषध देऊं नये, एक दिवस लंघन करावें आणि अंग झांकून पडून राहावें, असें ती म्हणे. तिला प्रमाणपत्र देण्याचा माझा हेतु नाहीं, कारण ती देवीच्या लसीसही नाक मुरडीत असे.

आतां हिशेब. कर्करोगावरील रामबाण म्हणून ज्याची वाट पाहिली, तें रामबाण ठरलें नाहीं. मुखपृष्ठावरून तें उतरलें आणि वृत्तपत्रें दुसरीकडे वळलीं. परंतु १९८४ सालीं टेक्सासमधील ह्यूस्टन येथील डॉक्टरांनीं 'केसाळ पेशींचा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रक्ताच्या एका दुर्मिळ कर्करोगाच्या ७ रोग्यांना इंटरफेरॉन दिलें आणि सातही जणांस गुण आला. तिघांच्या शरीरांत रोगाची खूण उरली नाहीं. १९८६ च्या जूनमध्यें या रोगासाठीं अमेरिकन सरकारनें औषधास मान्यता दिली. पुढें याहून चांगलें औषध निघालें आणि तेथूनही इंटरफेरॉन बरेंचसें मागें सरलें. १९९३ सालीं बीटा प्रकारास मज्जातंतूंच्या एका चिवट रोगावर, मल्टिपल स्क्लेरोसिसवर, मान्यता मिळाली. तेथें तें रोगाचे झटके कमी करतें. आणि आश्चर्य असें कीं, त्या रोगांत शरीराची प्रतिकारशक्तिच आपल्या घरावर उलटलेली असते.

याच कुळांतील इंटरल्यूकिन-२ नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाची हकीकत अधिक उग्र आहे. अमेरिकेंतील बेथेस्डा येथें स्टीव्हन रोझेनबर्ग यांनीं तें मोठ्या मात्रेंत कर्करोग्यांना दिलें. १९८४ सालीं एका स्त्रीचा सर्वत्र पसरलेला कर्करोग त्यानें नाहींसा झाला, आणि १९९२ सालीं मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठीं त्यास मान्यता मिळाली. थोड्या रोग्यांत तें अपूर्व काम करतें. पण त्याच्या मोठ्या मात्रेनें रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपूं लागतो आणि रक्तदाब कोसळतो, म्हणून अत्यंत सावधपणें, रुग्णालयांतच तें द्यावें लागतें. चौघडा किती मोठ्यानें वाजवावा याचा अंदाज चुकला, तर गांव जागें होण्याऐवजीं पळूं लागतें.

इंटरफेरॉनचें खरें राज्य झालें तें यकृतावर. १९८६ सालीं हूफनेगल आणि त्यांचे सहकारी यांनीं यकृताच्या एका जुनाट रोगाच्या १० रोग्यांना तें देऊन पाहिलें आणि बहुतेकांच्या यकृताची सूज उतरली. गंमत पाहा, हा रोग कोणत्या विषाणूचा हें त्या दिवशीं कोणासच ठाऊक नव्हतें! रोगास नांवही धड नव्हतें. 'ए' नव्हे आणि 'बी' नव्हे असा हिपॅटायटिस, एवढेंच म्हणत. हिपॅटायटिस सीचा विषाणु १९८९ सालीं सांपडला, आणि १९९१ सालीं त्यावर इंटरफेरॉन मान्य झालें. आरंभीं एकट्या इंटरफेरॉननें फार थोडे रोगी पूर्ण बरे होत. पुढें रिबाव्हिरिन नांवाच्या गोळ्यांची जोड मिळाली. मग प्रथिनास एका लांब रसायनाचें शेंपूट जोडून तें शरीरांत आठवडाभर टिकेल असें करण्यांत आलें, आणि निम्म्याहून अधिक रोगी बरे होऊं लागले. माझ्या भावास मिळालें तें हें शेंपूटवालें.

त्याच्या चौदाव्या सुईनंतर मात्र एक वेगळाच उपद्रव उभा राहिला. तो बोलेनासा झाला. रात्रीं जागा राही, मुलांवर विनाकारण चिडे, आणि एकदां मला म्हणाला, "दादा, मला कांहींच नको वाटतें." ताप दिसतो, मोजतां येतो, हें मोजतां येईना. घरांत कोणी म्हणालें कीं रोगाच्या काळजीनें मन खचलें आहे, कोणी म्हणालें कीं खर्चाच्या. डॉक्टरांनीं ऐकतांच सांगितलें कीं हाही इंटरफेरॉनचा ठाऊक असलेला परिणाम आहे, आणि तो हलक्या हातानें घेण्यासारखा नाहीं. कांहींजण जिवावर उदार होतात. सुया थांबवाव्यात कीं काय, असा प्रश्न आला. थांबविल्या तर चौदा सुयांचे पैसे आणि यातना फुकट, चालू ठेवल्या तर भाऊ हातचा जाण्याची भीति. त्या रात्रीं मीं व माझ्या वहिनींनीं (आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, त्यांचा शब्द आमच्या घरांत शेवटचा) बराच वेळ विचार केला. शेवटीं मनाच्या आजाराचें औषध जोडीस द्यावयाचें, त्याला एकटें ठेवावयाचें नाहीं, आणि प्रत्येक सुईच्या वेळीं पुन्हां विचारावयाचें, असें ठरलें. वहिनी दर शनिवारीं येऊन राहत. दहा सुया तशाच पार पडल्या. सहा महिन्यांनंतरच्या तपासणींत विषाणु सांपडला नाहीं. पुढेंही सांपडलेला नाहीं. त्याचें मन शेवटच्या सुईनंतर दोनअडीच महिन्यांत आपोआप ताळ्यावर आलें.

पुढें सहासात वर्षांतच, २०१३-१४ सालीं, विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्या निघाल्या. बारा आठवडे गोळ्या घ्यावयाच्या. सुई नाहीं, ताप नाहीं, विषण्णता नाहीं, आणि शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी बरे होतात. आपल्या देशांतही त्या बऱ्याच स्वस्त मिळूं लागल्या. हिपॅटायटिस सीवरील इंटरफेरॉनचें राज्य संपलें. भावास हें सांगितलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "मी जरा लवकर आजारी पडलों म्हणावयाचा."

इंटरफेरॉन अडगळींत गेलें असें वाटत असतां २०२० सालीं करोना आला आणि त्याचें नांव पुन्हां ऐकूं येऊं लागलें. औषध म्हणून त्याची कामगिरी संमिश्रच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणींत रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांना त्याचा लाभ दिसला नाहीं. आपल्याकडे अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या शेंपूटवाल्या इंटरफेरॉनला एप्रिल २०२१ मध्यें मध्यम आजारासाठीं तांतडीच्या वापराची परवानगी मिळाली होती. परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच बातमी. करोनानें प्राणांतिक अवस्थेस गेलेल्या ९८७ रोग्यांचें रक्त तपासलें असतां त्यांतील १०१ जणांच्या रक्तांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं. ज्यांना करोना होऊन कांहीं त्रास झाला नाहीं किंवा अगदीं थोडा झाला अशा ६६३ जणांत असा एकही नव्हता. १,२२७ निरोगी माणसांत असे अवघे ४ निघाले. म्हणजे या लोकांच्या पेशींनीं हांक मारली होती. वाटेंतच कोणी तिचें तोंड दाबलें. त्या १०१ जणांपैकीं ९५ पुरुष होते.

पुढील तपासणींत असें दिसून आलें कीं, सत्तरीपुढील निरोगी माणसांतही शंभरांतील सुमारें चौघांच्या रक्तांत अशीं प्रतिद्रव्यें असतात, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. माझी सत्तरी आतां चार वर्षांवर आली आहे. ही तपासणी साध्या रक्तावरच होते, परंतु नेहमींच्या तपासण्यांत ती धरली जात नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत मला इन्फ्लुएंझा झाला आणि पहिल्याच रात्रीं चांगला सणसणीत ताप चढला, तेव्हां भाऊ उशाशीं येऊन बसला आणि उष्णतामापक पाहून म्हणाला, "दादा, एकशेतीन. ऐकूं येतेंय वाटतें!"